सर्पगंधेचे दुसरे सत्त्व

सर्पगंधा म्हटले की आपल्या सुशिक्षित घरांत रक्तदाबाची आठवण होते, आणि ती होणे साहजिकही आहे. ह्या झुडपाच्या मुळीने वाढलेला रक्तदाब उतरतो, ही गोष्ट मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ ह्या नियतकालिकात पन्नास रोग्यांच्या पुराव्यानिशी मांडली आणि तेव्हापासून ही मुळी साऱ्या जगाच्या औषधपेटीत जाऊन बसली. परंतु त्याच मुळीत दुसरेही एक सत्त्व आहे. ते वकिलांच्या लेखाच्या अठरा वर्षे आधीच वेगळे काढलेले होते, त्याचे नाव एका हिंदी हकिमाच्या नावावरून पडले आहे, आणि त्याचे मुख्य कार्य रक्तदाबावर नसून हृदयाच्या विद्युत्-व्यवहारावर आहे. ह्या सत्त्वास अजमलीन म्हणतात. त्याची हकीकत मराठी वाचकांस सांगण्याचे आम्ही योजिले आहे ते केवळ कुतूहलापोटी नव्हे. आमच्या नागपुरात काय किंवा अन्यत्र काय, जुन्या वैद्यकाविषयी बोलणे निघाले म्हणजे दोन पक्ष तत्काळ उभे राहतात. एक म्हणतो, पूर्वजांस सर्व काही ठाऊक होते. दुसरा म्हणतो, तो सारा झाडपाला. सर्पगंधेचे उदाहरण पहिल्या पक्षाच्या तोंडी हटकून असते. अजमलीनची हकीकत मात्र दोन्ही पक्षांस सारखीच गैरसोयीची आहे.

प्रथम झुडपाची ओळख. हे हातभर उंचीचे, क्वचित त्याहून थोडे मोठे होणारे झुडूप दमट रानात सावलीस वाढते. एका पेऱ्यावर बहुधा तीन पाने, पांढऱ्या-गुलाबी फुलांचे लाल देठांवरील झुबके, पिकल्यावर काळसर होणारी बारीक फळे, आणि जमिनीत वाकडीतिकडी गेलेली अत्यंत कडू मुळी. कोकणात त्यास हरकी किंवा अडकई म्हणत. सुश्रुतसंहितेत विषावरील औषधांत सर्पगंधा हे नाव येते. परंतु ते ह्याच झुडपाचे का, ह्याविषयी जाणत्यांत मतभेद आहेत. गोव्यास राहून औषधींवर संवाद लिहिणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली सर्पदंशावरील मुळ्यांचे वर्णन केले आहे, आणि त्यांतील एक हीच असावी असे पुष्कळ विद्वान मानतात. मुंगूस सापाशी झुंजण्यापूर्वी ही मुळी खातो, ही लोककथाही त्या काळापासून युरोपी पुस्तकांत शिरली. पुढे १७०३ साली प्ल्युमिए ह्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने ह्या वंशास लेओनहार्ट राउवोल्फ ह्या जर्मन वैद्याचे नाव दिले. ह्या राउवोल्फाने सोळाव्या शतकात शाम व इराक ह्या देशांचा प्रवास केला होता. हिंदुस्थानात त्याने पाऊलही टाकले नव्हते. वनस्पतींच्या नामकरणात असा न्याय नेहमीच होतो!

मुंबईत राहून येथील औषधींचा मोठा ग्रंथ रचणाऱ्या डिमॉक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जे टिपून ठेविले आहे ते आम्हांस अधिक मोलाचे वाटते. दक्षिण कोकणातून मुंबईस येणारे बहुतेक मजूर ह्या मुळीचा थोडा साठा जवळ बाळगीत आणि पोटात कळा येऊ लागल्या की ती घेत. पटकीवर ती सापसणाच्या मुळीबरोबर देत. पोटशूळावर हिचा एक भाग, कुड्याच्या मुळीचे दोन भाग आणि मोगली एरंडाचे तीन भाग दुधातून देत. तिकडे बिहार-बंगालकडे वेड लागलेल्यास शांत निजविण्याकरिता हिचा उपयोग असे, म्हणून तिचे नावच ‘पागल की दवा’ असे पडले होते. साप, पोट, वेड आणि निद्रा ही ह्या मुळीच्या जुन्या कीर्तीची चार क्षेत्रे. हृदयाचा ठोका चुकणे, वा तो भलत्याच वेगाने पडू लागणे, ह्यांपैकी कशाचाही उल्लेख आमच्या पाहण्यात आलेल्या जुन्या वर्णनांत नाही.

आणि तो असावा तरी कसा? हृदयाच्या लयीचे खरे स्वरूप कळू लागले तेच मुळी एकोणिसावे शतक संपता संपता. १८९३ मध्ये हिस याने हृदयाच्या वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांकडे जाणारा तंतूंचा जुडगा दाखवून दिला. १९०६ मध्ये तावारा ह्या जपानी शास्त्रज्ञाने त्या जुडग्याच्या मुळाशी असलेली गाठ वर्णिली, आणि दुसऱ्याच वर्षी कीथ व फ्लॅक यांनी सर्व ठोक्यांचे उगमस्थान असलेली वरची गाठ शोधिली. वरच्या गाठीत मिनिटास साठ ते शंभर वेळा विजेची सूक्ष्म लाट उठते. ती वरचे कप्पे व्यापून मधल्या गाठीशी येते, आणि तेथे तिची चाल सेकंदास जेमतेम पाच सेंटिमीटर इतकी मंदावते, ती अशासाठी की वरच्या कप्प्यांतील रक्त खाली उतरावयास अवकाश मिळावा. मग खालच्या तंतूंत शिरताच तीच लाट सेकंदास सुमारे चार मीटर वेगाने धावते आणि दोन्ही मोठे कप्पे जवळ जवळ एकाच क्षणी आकुंचन पावतात. ह्या सर्व प्रवासाचे चित्र कागदावर उतरविण्याचे यंत्र हॉलंडात आइंटहोवेन याने विसाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध केले व त्याबद्दल त्यास १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज घरोघरी ज्यास कार्डिओग्राम म्हणतात तो हाच. त्यातील पहिला लहान उंचवटा वरच्या कप्प्यांचा, त्यानंतरची उंच टोकदार रेघ खालच्या कप्प्यांची. निरोगी माणसात ही टोकदार रेघ सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास आटोपते. ती रुंद झाली म्हणजे लाट कोठे तरी रेंगाळत आहे असे वैद्य समजतो.

आता अजमलीन ह्या नावाकडे येऊ. १९२० च्या डिसेंबरात नागपुरास काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि असहकाराचा ठराव पक्का झाला. त्या अधिवेशनाची आठवण आमच्या शहराने काँग्रेसनगर ह्या नावात जपली आहे. पुढच्याच वर्षी अहमदाबादच्या अधिवेशनाचे अध्यक्षस्थान, चित्तरंजन दास तुरुंगात असल्यामुळे, दिल्लीच्या हकीम अजमलखान यांजकडे आले. हकीमसाहेब युनानी वैद्यकाच्या एका नामांकित घराण्यातील. नागपूर अधिवेशनानंतर दोनच महिन्यांच्या आत, १३ फेब्रुवारी १९२१ रोजी, त्यांनी उभारलेल्या तिब्बिया कॉलेजचे उद्घाटन गांधीजींच्या हस्ते झाले. सरकारी पदवी परत करणारा हा हकीम आपल्या विद्येविषयी आंधळा नव्हता. जुन्या औषधी नव्या रसायनशास्त्राच्या कसोटीस लावल्यावाचून त्यांचे भवितव्य नाही, असे त्यास मनापासून वाटत असे. त्याने सलीमुज्जमान सिद्दिकी नावाच्या तरुणास हाताशी धरिले. सिद्दिकी जर्मनीत फ्रांकफुर्ट येथे रसायनशास्त्र शिकून १९२७ साली डॉक्टर झाले. ते परतून तिब्बिया कॉलेजात संशोधनसंस्था उभारू लागले त्यापूर्वीच, १९२७ च्या अखेरीस, हकीमसाहेब निवर्तले होते. १९३१ साली सलीमुज्जमान आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी सर्पगंधेच्या मुळीतून पाच अल्कलॉइडे वेगळी केली. त्यांतील पांढऱ्या गटास त्यांनी आपल्या दिवंगत आश्रयदात्याचे नाव दिले: अजमलीन, अजमलिनीन, अजमलिसीन. पिवळ्या गटास सर्पेंटीन व सर्पेंटिनीन ही नावे मिळाली. राउवोल्फाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या झुडपाच्या पोटी हकीम अजमलखानांचे नाव असे कायमचे राहिले. (सिद्दिकी स्वतः १९५१ साली पाकिस्तानात गेले व १९९४ साली कराचीस वारले. शास्त्राच्या इतिहासात फाळणीची रेघ कोठे ओढावी हे ज्याचे त्याने ठरवावे.)

त्याच १९३१ साली कलकत्त्यास गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी वेडावर व रक्तदाबावर चालते असे प्रसिद्ध केले, आणि सर्वांचे लक्ष त्या बाजूस गेले. गोळ्या निघाल्या, वकिलांनी मुंबईत वर्षानुवर्षे रोगी तपासले, आणि १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी रक्तदाब उतरविणारे व मन शांत करणारे सत्त्व, रेसर्पीन, वेगळे काढिले. १९५७ साली वकिलांस अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले. मुळीची मागणी इतकी वाढली की रानेच्या राने उपटली गेली, आणि १९९० साली तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार निर्बंधाखाली आणावा लागला. ह्या गदारोळात अजमलीन मागे पडले. ते रक्तदाबावर म्हणावे तसे चालेना. तेव्हा ते घेऊन करावयाचे काय, हा प्रश्न काही काळ तसाच राहिला.

उत्तर आले ते हिंदुस्थानातूनच. १९५० नंतरच्या दशकात आरोरा आणि मदन ह्या औषधशास्त्रज्ञांनी प्राण्यांच्या हृदयात मुद्दाम लयबिघाड उत्पन्न करून त्यावर अजमलीन देऊन पाहिले, आणि बिघडलेली लय ठिकाणावर येते असे त्यांस आढळले. हा गुण अगदी नवा नव्हता. १९१४ साली व्हेंकेबाख याने एका डच व्यापाऱ्याची गोष्ट प्रसिद्ध केली होती. क्विनीन घेतले की आपली अनियमित नाडी नीट होते, हे त्या व्यापाऱ्याने वैद्यास सांगितले, वैद्याने त्यास नव्हे! चार वर्षांनी फ्राय ह्या जर्मन वैद्याने सिंकोनाच्या सालीतीलच क्विनिडीन ह्या कामी अधिक चांगले असे दाखविले. अजमलीन त्याच पंगतीत येऊन बसले आणि विशेषेकरून जर्मनीत ते रोग्यांस देण्यात येऊ लागले.

ही औषधे हृदयात करतात काय? नागपूरचे मेडिकल कॉलेज १९४७ साली सुरू झाले त्या वेळी कार्डिओग्रामची रेषा वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत होती, पण ती रेषा ज्यामुळे उमटते त्या घडामोडीचा उलगडा अद्याप व्हावयाचा होता. तो १९५२ साली हॉजकिन व हक्स्ली यांनी माखळीसारख्या एका समुद्रजीवाच्या मज्जातंतूवर प्रयोग करून केला. पेशीच्या आवरणात अतिसूक्ष्म दारे असतात. काहींतून सोडियमचे विद्युत्भारित कण आत घुसतात, काहींतून पोटॅशियमचे बाहेर पडतात. सोडियमचा लोंढा जितका जोराचा, तितकी विजेची लाट वेगाने पुढच्या पेशीस पोचते. अजमलीन मुख्यतः ही सोडियमची दारे अडविते. परिणामी लाट मंदावते, आणि कार्डिओग्रामवरील टोकदार रेघ रुंद होते.

लाट मंदावल्याने बिघडलेली लय सुधारावी हे प्रथमदर्शनी उलटे वाटेल. परंतु पुष्कळ लयबिघाडांत लाट सरळ न जाता गोल फिरत असते. हृदयाच्या स्नायूत जुना व्रण असला, किंवा वरच्या व खालच्या कप्प्यांस जोडणारा एखादा जादा तंतू जन्मतःच असला, म्हणजे लाटेस वळसा घालून परत येण्यास वाट मिळते, आणि ती जत्रेतल्या चक्री पाळण्यासारखी स्वतःभोवती फिरत राहते. नाडी एकाएकी दीडशे-दोनशेवर जाते ती अशाने. ह्या चक्राचा एखादा सांधा आधीच दुबळा असतो. औषधाने तेथील लाट विझली की चक्र तुटते आणि वरची गाठ पुन्हा आपला कारभार हाती घेते. पण औषधाने लाट विझण्याऐवजी नुसतीच मंद झाली तर? मग तिच्या पुढच्या पेशींस विश्रांती मिळून पुन्हा तयार होण्यास अधिक वेळ मिळतो, आणि जे चक्र एरवी आपोआप थांबले असते ते फिरतच राहते. एकाच गुणातून असे दोन परिणाम निघतात, आणि कोणत्या हृदयात कोणता निघेल हे आधी सांगणे कठीण असते.

ह्याची किंमत काय होते हे १९८९ साली अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत दिसून आले. त्या चाचणीत अजमलीन नव्हते, त्याच्याच जातीची, सोडियमची दारे अडविणारी, एन्कैनाइड व फ्लेकैनाइड ही दोन औषधे होती. हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या रोग्यांत मधूनच जादा ठोके पडतात. असे ठोके ज्यांत अधिक ते रोगी अधिक दगावतात. तेव्हा ठोके दाबले तर मृत्यू टळतील, असा सर्वांचा कयास होता. औषधांनी ठोके दाबलेही. परंतु औषध घेणाऱ्या ७३० रोग्यांत ५६ मृत्यू झाले आणि नुसती निर्गुण गोळी घेणाऱ्या ७२५ रोग्यांत २२. चाचणीचा तो भाग मुदतीपूर्वीच बंद करावा लागला. कागदावरची रेषा सुधारली होती, रोगी मेले होते. त्यापूर्वीची कित्येक वर्षे असली औषधे असंख्य रोग्यांस देण्यात आली होती, आणि ती देणारे वैद्य अडाणी नव्हते. ‘आधुनिक’ हा शब्द उच्चारताच ज्यांची शंका मिटते त्यांनी हे आकडे जवळ बाळगावेत.

अजमलीनचा आजचा मोठा उपयोग मात्र त्याच्या ह्या दोषातूनच निघाला आहे. १९९२ साली ब्रुगाडा ह्या दोघा स्पॅनिश बंधूंनी आठ रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. हृदयाची घडण निर्दोष, रक्तवाहिन्या स्वच्छ, आणि तरी हृदय एकाएकी थांबलेले. त्यांच्या कार्डिओग्राममध्ये छातीच्या उजव्या बाजूच्या नोंदींत टोकदार रेघेनंतरची रेषा विशिष्ट रीतीने कमानीसारखी उचललेली होती. थायलंडात धडधाकट तरुण रात्री निजलेले सकाळी मृत आढळत. त्यास तेथे ‘लाय ताय’ म्हणत आणि एखाद्या विधवेचे भूत पुरुषांस नेते अशी समजूत असे. तोही प्रकार बहुतांशी हाच, हे १९९७ च्या सुमारास दिसून आले, आणि १९९८ मध्ये ह्या रोगाच्या काही घराण्यांत सोडियमच्या दाराचा साचा पुरविणाऱ्या जनुकातच दोष सापडला. अशा माणसांत सोडियमची दारे जन्मतःच अपुरी असतात. एरवी भागून जाते. ताप चढला, किंवा भलते औषध पोटात गेले, की उणीव उघडी पडते. आपल्याकडेही तरुण माणूस झोपेत गेला म्हणजे झटका आला असे म्हणून विषय संपतो. त्यातील प्रत्येक मृत्यू ह्या रोगाचा नव्हे, पण मागे राहिलेल्या भावंडांस धोका आहे का, हा प्रश्न विचारलाच जात नाही, ही खरी हानी.

अडचण अशी की पुष्कळांत ती कमान रोज दिसत नाही. आज काढलेला कार्डिओग्राम निर्मळ, आणि महिन्याने तो माणूस गेलेला, असे होऊ शकते. तेव्हा वैद्य युक्ती करितात. वजनाच्या दर किलोग्रॅममागे एक मिलिग्रॅम ह्या प्रमाणात अजमलीन पाच ते दहा मिनिटांत हळूहळू शिरेतून देतात. ज्याची दारे पुरेशी आहेत त्याच्या रेषेत थोडा फरक पडून थांबतो. ज्याची अपुरी आहेत त्याच्या रेषेत लपलेली कमान उमटते. हे सर्व इस्पितळात, विजेचा धक्का देण्याचे यंत्र हाताशी ठेवून. रेघ ठरल्याहून अधिक रुंद होऊ लागली की सुई तत्क्षणी बंद. औषधाचा अंमल काही मिनिटांत ओसरू लागतो, म्हणूनच ते ह्या कामी इतर औषधांपेक्षा पसंत करितात. अमेरिकेत ते मिळत नाही; तेथे प्रोकेनामाइडवर भागवितात. ह्याच रीतीने, जादा तंतू असलेल्या हृदयात तो तंतू कितपत धोकादायक आहे हे अजमलीन देऊन अजमाविण्याचा मार्ग हॉलंडात वेलेन्स यांनी १९८० साली दाखविला होता.

आता पहिल्या दोन पक्षांकडे वळू. मुळीत अजमलीन होते आणि कोकणातील मजुराच्या कनवटीस ती मुळी होती; पण म्हणून हृदयाच्या विजेचे ज्ञान त्या कनवटीत होते असे होत नाही. एक तर अजमलीन तोंडाने घेतल्यास रक्तात फारच थोडे उतरते. म्हणूनच पुढे जर्मनीत त्यापासून प्रजमालीन हे गोळीने घेण्याजोगे औषध बनवावे लागले. शिवाय मुळी उगाळून दिल्यावर रोग्याच्या कार्डिओग्रामवरील रेघ सेकंदाच्या शंभराव्या भागाने रुंद झाली की नाही, हे नाडीवर बोट ठेवून कोणत्या वैद्यास कळणार? सुश्रुताचे मोठेपण त्याने न सांगितलेल्या गोष्टी त्याच्या नावावर लिहून वाढत नाही. पण दुसऱ्या पक्षानेही हे विसरू नये की ही मुळी रसायनशाळेच्या मेजावर आली ती कोणा वनस्पतिशास्त्रज्ञाने सहज उपटली म्हणून नव्हे. वेड्यास निजविणाऱ्या, पोटशूळावर देणाऱ्या, सापाच्या भयाने ती जवळ बाळगणाऱ्या शेकडो पिढ्यांनी तिच्याकडे बोट दाखविले होते. बोट दाखविलेल्या ठिकाणी जे सापडले ते मात्र निराळेच निघाले. हकीम अजमलखानांस हे कळले असते तर त्यांस वाईट वाटले नसते, असे आम्हांस वाटते. त्यांनी संशोधनाचा आग्रह धरिला होता, आपल्या ग्रंथांच्या समर्थनाचा नव्हे.

ब्रुगाडा-रोग निश्चित झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न उरतो. ज्यांचे हृदय एकदा थांबून परत आले त्यांच्या छातीत, प्रसंगी आपोआप धक्का देणारे लहान यंत्र बसवितात. काहींस क्विनिडीन देतात. सोडियमची दारे अडविणाऱ्यांच्याच पंगतीतले हे औषध येथे उपकारक ठरते, कारण ते पोटॅशियमचे एक दारही अडविते आणि त्यामुळे बिघडलेला तोल सावरतो. एकाच पंगतीत बसविलेली औषधे एकाच गुणाची असतात असे समजणे किती फसवे, हे त्यावरून कळावे. ज्यांस काहीच लक्षणे नाहीत त्यांस बहुधा दोन गोष्टी बजावून घरी पाठवितात: ताप आला तर तो त्वरित उतरविणे, आणि काही औषधे आयुष्यात कधी न घेणे. त्या औषधांची छापील यादी रोग्यापाशी देतात, म्हणजे दुसऱ्या कोणत्याही दवाखान्यात गेल्यास ती दाखविता यावी. त्या यादीत अजमलीनचेही नाव असते.